चौकटीचा चौथा कोपरा



वसंत ऋतू आणि व्याख्यान यांची सांगड महाराष्ट्रात जुनी आहे. १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी गावच्या लोकांनी एकत्र बसून चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकाव्या हा परिपाठ पुढे गावोगाव गेला. अशा व्यासपीठांवर इतिहास म्हटला म्हणजे बहुधा राज्यांचा आणि रणांचा इतिहास येतो, आणि शिराळ्यास तशा विषयांचा तोटा नाही. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक येथे आहे, गोरखनाथांचे स्थान आहे, भुईकोट आहे. ह्या गावाने आपल्या जिल्ह्याची तीन नावे पाहिली: आधी सातारा, १९४९ पासून दक्षिण सातारा, आणि १९६० पासून सांगली. हे सर्व आपण आमच्याहून अधिक जाणता, तेव्हा त्याची उजळणी आम्ही करीत नाही.

आज ज्या वस्तूचा इतिहास सांगावयास आम्ही उभे आहोत, ती कोणत्याही बखरीत सापडणार नाही. ती आपल्या प्रत्येकाच्या घरी, सोप्यात किंवा माजघरात, भिंतीवर टांगलेली आहे. ती म्हणजे तसबिरीच्या चौकटीचा कोपरा. तसबीर देवाची असो की वडिलांची, चौकटीच्या चार पट्ट्या चार कोपऱ्यांवर एकमेकींस भेटतात, आणि त्या भेटीच्या जागी आतल्या टोकापासून बाहेरच्या टोकापर्यंत एक तिरकी रेघ असते. आज घरी गेल्यावर ती रेघ जवळून पाहावी, अशी आमची विनंती आहे. ती केसासारखी बारीक असेल तर कारागीर हातचा चांगला होता असे समजावे. तिच्यात लांबी भरून वर रंग फासलेला दिसला, तर कोठेतरी काही चुकले आणि कोणीतरी ते झाकले, असे समजावे.

एवढ्याशा रेघेसाठी एक संध्याकाळ कशाला, असे कोणी म्हणेल. त्यास आमचे उत्तर असे की, ही रेघ जुळविता जुळविता माणसांची बोटे गेली आहेत आणि आजही जात आहेत. नवीन घर बांधणारा प्रत्येक गृहस्थ आज दारे, खिडक्या, कपाटे, छताच्या कडा यांना नक्षीच्या पट्ट्या मारून घेतो. त्या प्रत्येक पट्टीच्या टोकास हाच तिरका काप लागतो. तो काप आता विजेच्या करवतीने होतो, आणि ती करवत लाकूड आणि बोट यांत भेद करीत नाही. लोक समजतात की नेमके काम ही कौशल्याची बाब आणि जपून काम ही भित्रेपणाची बाब. आमचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. सफाईचा काप आणि शाबूत बोट ही एकाच शिस्तीची दोन फळे आहेत. एक हरवले की दुसरे जाण्यास वेळ लागत नाही. हे म्हणणे आम्ही उपदेशाने नव्हे, इतिहासाने पटवून देऊ पाहतो.

प्रथम आपण जुन्या घरात जाऊ. सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक. नांगर, कुळव, पाभर, गाडी ही त्याची रोजची कामे. आणि गावात कोणी वाडा बांधू लागला म्हणजे खांब, तुळया, कडीपाट आणि चौकटी हे त्याचे मोठे काम. शिराळ्याच्या पश्चिमेस, वारणेच्या खोऱ्याकडे, ऐन, किंजळ, जांभूळ अशा झाडांचे रान पसरलेले आहे. लाकूड काय चीज आहे हे ह्या मुलखातील सुतारास कोणी शिकवावयास नको होते. आता त्याने केलेली जुन्या दाराची चौकट आठवा. खाली उंबरठा, दोन बाजूंस दोन उभे बाहू, वर गणेशपट्टी. ह्या चौकटीच्या कोपऱ्यावर तिरकी रेघ नसते. तेथे उभ्या लाकडाचे कुसू आडव्या लाकडाच्या खाचेत बसविलेले असते आणि वर लाकडी खुंटी ठोकलेली असते. वाईजवळ मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा पाहा, किंवा १८०७ च्या सुमाराचा पुण्याचा विश्रामबाग वाडा पाहा. सुरूच्या आकाराचे खांब, महिरपी, कोरीव तुळया यांवर नजर ठरत नाही. पण जेथे भार आहे तेथे लाकूड लाकडाच्या पोटात शिरलेले आहे, नुसते गालास गाल लावून उभे नाही.

ह्याचे कारण सरळ आहे. तिरक्या कापाच्या सांध्यात दोन्ही लाकडांची कापलेली टोके एकमेकांस लागतात. लाकडाचे टोक म्हणजे बारीक नळ्यांची तोंडे. ती सरस पिऊन टाकतात, पण घट्ट धरून ठेवीत नाहीत. शिवाय तेथे अडकून राहण्यास काही नसते. म्हणून हा सांधा दिसण्यास देखणा आणि पेलण्यास दुबळा. भाराचा कोपरा कुसवाने करावा आणि शोभेचा कोपरा तिरक्या कापाने, हा विवेक जुन्या सुतारांपाशी होता. आजच्या घरातही तो सोडू नये.

मग तिरक्या कापाची कल्पना आपल्याकडे नव्हतीच काय? तसे नाही. दगडात ती होती. जुन्या देवळांच्या दारांभोवती एकात एक अशा नक्षीच्या उभ्या पट्ट्या असतात, त्यांस शाखा म्हणतात. तीन असल्या तर त्रिशाखा, पाच असल्या तर पंचशाखा. बऱ्याच देवळांत ह्या शाखा वर जाऊन कोपऱ्यावर वळतात आणि आडव्या धावू लागतात. त्या वळणावर नक्षीची प्रत्येक ओळ कर्णरेषेवर आपल्या जोडीदार ओळीस भेटते. पाथरवटाने कोपऱ्याचा कर्ण काढून मगच छिन्नी लावली असली पाहिजे, त्यावाचून ती भेट होत नाही. मात्र त्याच्याकडे एक सोय होती. वळण एकाच दगडात कोरता येत असे; दोन तुकडे वेगळे कापून जुळविण्याचा प्रसंग त्यास टळत असे.

तुकडे जुळविण्याचा प्रसंग आपल्या सुतारास मात्र रोज येई. तो कोठे? बैलगाडीच्या चाकात. चाकाचा लाकडी घेर एका तुकड्याचा नसतो. वक्र तुकडे एकापुढे एक लावून तो पुरा होतो. सहा तुकड्यांचा घेर असेल, तर प्रत्येक तुकड्याने वर्तुळाचा बरोबर सहावा हिस्सा व्यापला पाहिजे. ह्या सुताराने कोनमापक कधी हातात धरला नव्हता, अंश हा शब्द ऐकला नव्हता. तो दोरीने वर्तुळ काढी, त्रिज्येएवढी दोरी सहा वेळा फिरवी आणि खुणा करी. भूमितीच्या पुस्तकात तेच लिहिलेले असते. आणि तरीही कोठे केसभर फट राहिलीच, तर तिच्यावर उपाय होता. लोखंडाची धाव तापवून चाकावर चढवीत आणि वर पाणी ओतीत. लोखंड आखडे आणि सगळे सांधे कचकन मिटून जात. चाकाची चूक धाव पोटात घेई.

तसबिरीच्या चौकटीस अशी धाव नाही. येथे चूक पोटात घेणारे कोणी नाही. आमच्या मते सुतारकामातील ही एक मोठी पायरी होती, आणि ती आपल्याकडे सर्वसामान्य घरात चढली गेली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत.

त्या काळात काय घडले? १८७८ साली पुण्यात चित्रशाळा छापखाना निघाला. विष्णुशास्त्री चिपळूणकर त्याच्या संस्थापकांत होते. १८९४ साली राजा रविवर्म्याने मुंबईस आपला शिळाछापखाना काढला, आणि तो पुढे मळवलीस गेला. देवदेवतांची आणि इतिहासपुरुषांची रंगीत चित्रे, जी तोवर सरदार-दरकदारांच्या दिवाणखान्यातच दिसत, ती चार आण्याआठ आण्यांच्या लोकांच्या आवाक्यात आली. त्याच सुमारास छायाचित्रे आली. कागदाचे चित्र भिंतीवर उघडे टिकत नाही. धूर, ओल, वाळवी यांपासून ते राखण्यास पुढे काच हवी, मागे पाठ हवी आणि भोवती चौकट हवी. अशा रीतीने तसबीर मढविण्याचा एक नवाच धंदा पेठापेठांतून उभा राहिला. ज्यांना हा काळ एका छताखाली पाहावयाचा असेल त्यांनी औंधास जावे. तेथे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उघडलेल्या भवानी संग्रहालयात चित्रे तर आहेतच. पण चित्रे पाहून झाल्यावर घटकाभर त्यांच्या चौकटींचे कोपरेही पाहावे.

मढविणाऱ्याच्या हाती सरळ लाकूड नव्हते, नक्षीची पट्टी होती. बाहेरून उंच, आत उतरत गेलेली, मध्ये एखादी गोल कड, आतून काच बसण्यास खाच. अशी पट्टी कुसू करून जोडू गेल्यास नक्षी तुटते. दगडातील शाखेसारखी प्रत्येक ओळ वळून पुढे जावयाची असेल, तर काटकोनाचे दोन सारखे भाग करून पंचेचाळीस अंशांचाच काप घेतला पाहिजे. इंग्रज ह्या सांध्यास माइटर म्हणतात. त्यांच्या बिशपाच्या उंच टोपीसही तोच शब्द आहे.

आता हा पंचेचाळीस अंशांचा काप हाताने कसा साधावा? गुण्याच्या दोन्ही भुजांवर सारखे अंतर मोजून दोन खुणा जोडल्या की कोन मिळतो. चौरस कागदाची घडी कर्णावर घातली तरी मिळतो. पण कोन मिळणे वेगळे आणि करवत त्या कोनात राहणे वेगळे. आपला सुतार जमिनीवर बसून, लाकूड पायाखाली दाबून करवत ओढी. वासा कापण्यास ती बैठक उत्तम, पण अंगठ्याएवढ्या नक्षीच्या पट्टीस नव्हे. त्यासाठी एक साधे साधन वापरात आले. तीन फळ्यांची, वरून आणि टोकांकडून उघडी अशी लाकडी पेटी. तिच्या दोन्ही बाजूंच्या फळ्यांत समोरासमोर पंचेचाळीस अंशांवर चिरलेल्या खाचा. पट्टी पेटीत ठेवावयाची, पलीकडच्या बाजूस घट्ट दाबावयाची आणि करवत खाचेतून चालवावयाची. बस्स, एवढेच.

पण ह्या पेटीने काय केले ते ध्यानात घ्या. तिने लाकडास पाठ दिली आणि करवतीस वाट दिली. लाकूड हलेनासे झाले म्हणून काप नेमका झाला. आणि करवत आपल्या वाटेवरून सरकेना, म्हणून लाकूड धरणारा डावा हात तिच्या मार्गाबाहेर राहिला. एकाच योजनेने दोन्ही गोष्टी साधल्या. आम्ही आरंभी एकाच शिस्तीची दोन फळे म्हटले, त्याचा पहिला पुरावा ही तीन फळ्यांची पेटी आहे.

आता थोडा हिशेब करू. समजा, आपल्या पेटीची खाच झिजली आणि पंचेचाळीसऐवजी चव्वेचाळीस अंशांचा काप पडू लागला. एका अंशाची चूक डोळ्यास दिसत नाही. पण एका कोपऱ्यात दोन काप भेटतात, तेव्हा कोपरा नव्वदऐवजी अठ्ठ्याऐंशी अंशांचा होतो. पहिला कोपरा जुळवून ठोकला, छान बसला. दुसरा बसला, तिसराही बसला. चौथा मात्र मिटतच नाही, कारण चारी कोपऱ्यांची प्रत्येकी दोन अंशांची चूक तेथे गोळा झालेली असते. चार दुणे आठ. दोन इंच रुंद पट्टीत आठ अंशांची फट म्हणजे एका टोकास पाव इंचाहून जास्त भगदाड. कारागीर म्हणतो, चौथा कोपरा बिघडला. खरे म्हणजे चौथा कोपरा बिघडलेला नसतो. आधीच्या तिघांनी जे लपविले ते तो उघड सांगतो एवढेच.

म्हणून जाणते कारागीर चांगली पट्टी कापण्याआधी दोन टाकाऊ तुकडे कापतात, ते जोडून गुण्याच्या आत धरतात आणि फटीतून उजेड येतो काय ते पाहतात. दुसरे पथ्य लांबीचे. समोरासमोरच्या दोन पट्ट्या तंतोतंत सारख्या हव्यात. एक दोरा कमी पडली तरी कोन बरोबर असून कोपरा उघडा राहतो. यासाठी दोन्ही पट्ट्या वेगवेगळ्या मोजू नयेत. एका टोकास ठोकळा लावून त्याच अडणीवर दोन्ही कापाव्या. खूण पेन्सिलीच्या जाड रेघेने न करता सुरीच्या टोकाने करावी, आणि पाते खुणेच्या टाकाऊ बाजूस चालवावे, कारण पात्याची जाडीही लाकूड खाते. चौकट जोडून झाली की दोन्ही कर्ण मोजावे. ते समान भरले तर चौकट काटकोनात आहे.

एवढे करूनही काही चौकटी पुढे उघडतात, आणि त्यास आपला ऋतू कारण असतो. लाकूड लांबीत जवळजवळ आखडत नाही, पण रुंदीत आखडते आणि फुगते. पावसाळ्यात शिराळ्याच्या पश्चिम भागात कोसळणारा पाऊस आपण जाणता, आणि चैत्र-वैशाखातले कोरडे ऊनही जाणता. आषाढात ओलसर लाकडाची चौकट केली, तर उन्हाळ्यात पट्टी रुंदीने आखडते आणि कोपरा आतल्या बाजूने उघडतो, बाहेरचे टोक मात्र चिकटलेले राहते. उलट अगदी सुक्या लाकडाची चौकट पावसाळ्यात फुगून बाहेरच्या बाजूने उघडते. म्हणून फट आतून आहे की बाहेरून, हे पाहिले की लाकूड कोणत्या स्थितीत कापले गेले याचा तर्क करता येतो. दोष करवतीचा की ऋतूचा, हेही त्यावरून पुष्कळदा कळते. चांगले मुरलेले लाकूड घ्यावे, आणि ज्या घरात बसवावयाचे तेथेच काही दिवस ठेवून मग कापावे, हा जुन्यांचा नियम ह्याच अनुभवातून आला.

येथवर करवत हाताची होती. हाताच्या करवतीने बोटास चीर पडे, रक्त येई, हळद दाबून माणूस पुन्हा कामास लागे. गोष्ट बदलली ती करवत गोल झाली तेव्हा. इंग्लंडात सॅम्युएल मिलर याने १७७७ साली गोल करवतीसंबंधीचे पेटंट घेतले. पुढे वाफेवर आणि मग विजेवर ती फिरू लागली. १९२२ साली अमेरिकेत रेमंड डिवॉल्ट याने गोल करवत एका आडव्या बाहूवर टांगली, म्हणजे लाकूड स्थिर आणि करवत चालती झाली. १९६४ साली तेथील रॉकवेल कंपनीत एड नीहाउस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लहानशी गोल करवत एका बिजागरीवर बसविली. वरून दाबली की खाली येणारी, आणि डावीउजवीकडे फिरवून हव्या त्या अंशावर अडकविता येणारी. तीच आज आपल्या कारागिरांच्या हाती आहे; कोणी तिला मायटर म्हणतात, कोणी नुसते कटर म्हणतात.

ह्या यंत्राचे अंतरंग पाहिले तर ती आपली जुनी तीन फळ्यांची पेटीच आहे. पाठीमागची लोखंडी पट्टी म्हणजे पेटीची बाजू. अंशांची चकती म्हणजे पेटीची खाच. वेग तेवढा नवा. आणि एक फरक आहे, तोच घातकी आहे. हाताची करवत थांबविली की थांबते. हे पाते बटण सोडल्यावरही काही क्षण फिरत राहते.

आमच्या परिचयातील एका कारागिराची हकीगत सांगतो. गृहस्थ पंधरा-वीस वर्षांचे अनुभवी, हात अत्यंत सफाईदार. एका घराच्या वास्तुशांतीस दोन दिवस उरले होते आणि कपाटाच्या दारांना नक्षीची पट्टी लावणे चालू होते. शेवटच्या दाराचा चौथा कोपरा मिटेना. केसभर कमी केले की बसेल, असे त्यांस वाटले. उरलेला तुकडा जेमतेम तीन इंचांचा. तो त्यांनी दोन बोटांत धरला आणि पाते खाली आणले. तुकडा पाठीस टेकलेला नव्हता. पात्याने तो खेचून घेतला, आणि त्याबरोबर डाव्या तर्जनीचे पेरही. पुढे त्यांनी आम्हांस एकच वाक्य सांगितले, "चूक पहिल्या कोपऱ्यात होती, आणि बोट चौथ्याने घेतले."

ह्या वाक्यातच आमचे सारे व्याख्यान आले. पहिल्या दाराच्या वेळी त्यांनी यंत्राचा कोन गुण्याने तपासला असता, तर चौथा कोपरा आपोआप मिटला असता. आणि तो मिटला असता, तर तीन इंचांचा तुकडा हातात धरण्याचा प्रसंगच आला नसता. मोठे, लांब लाकूड कापताना माणूस सहसा सावध असतो. धोका येतो तो दुरुस्तीत, घाईत आणि लहान तुकड्यात. ढिलाईने केलेले मोजमाप अखेर बोटापाशी येऊन थांबते.

कायद्यानेही बोटांचा हिशेब करून ठेवला होता. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचे, पुढे सुधारलेले, परिशिष्ट वाचताना अंगावर काटा येतो. अंगठा गेला तर कमाईची शक्ती शेकडा ३० ने घटली असे धरावे. पूर्ण तर्जनी गेली तर १४. एका हाताची चार बोटे गेली तर ५०. कोष्टक करणाऱ्याने आपले काम न्यायाने केले असेल. पण सुताराच्या हाताची किंमत अशी शेकड्यात मावत नाही. रंधा धरणे, पटाशी टेकविणे, खुणेवर नख ठेवणे ह्या साऱ्यांस तर्जनी लागते. १९४८ च्या कारखाने कायद्याने फिरत्या यंत्रभागांस आवरण घालण्याची सक्ती केली. पण मूळ कायद्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्यास दहा कामगारांची मर्यादा होती. बाप, मुलगा आणि एक हाताखालचा पोरगा अशा तिघांच्या दुकानाच्या दाराशी तो कायदा कधी पोहोचलाच नाही. तेथे पथ्य हाच कायदा.

ती पथ्ये आम्ही येथे सांगतो. ऐकणाऱ्यांत कारागीर थोडे असतील, पण ज्यांच्या घरी काम चालते असे पुष्कळ असतील, आणि त्यांनीही ती जाणावी. लाकूड खाली मेजास आणि मागे पाठीस पुरते टेकलेले असावे. वाकडी पट्टी असेल तर तिची फुगीर बाजू पाठीकडे करावी. हात पात्यापासून निदान सहा इंच दूर असावा, आणि एका हातावरून दुसरा हात ओलांडून लाकूड कधी धरू नये. तुकडा लहान असेल तर शिकंजाने आवळावा. त्याहून चांगले म्हणजे लांब पट्टीचे टोक आधी तिरके कापून घ्यावे आणि लहान तुकडा शेवटी तोडावा. लांब पट्टीच्या दुसऱ्या टोकास आधार द्यावा, नाहीतर ती कापता कापता उसळते. पाते पूर्ण वेगात आल्यावरच खाली आणावे, सावकाश आणावे, आणि काप झाल्यावर बटण सोडून पाते खालीच थांबू द्यावे, मग वर उचलावे. ह्या एका सवयीने काप गुळगुळीत राहतो आणि सुटलेला तुकडा उडत नाही. पात्याची झाकणी अडचण होते म्हणून काढून किंवा बांधून ठेवू नये. डोळ्यांस चष्मा असावा. सैल बाही, गळ्यातील पंचा, हातातील कडे किंवा दोरा नसावा. फिरत्या पात्यापाशी हातमोजेही नकोत, ते हात ओढून नेतात. आणि पाते बदलताना किंवा कोन तपासताना तार खोबणीतून काढलेली असावी.

यांतील कोणतेही पथ्य उचला आणि विचारा, हे कापासाठी की बोटासाठी? उत्तर बहुतेक ठिकाणी एकच येईल: दोहोंसाठी. पाठीस न टेकलेली पट्टी कोन चुकविते आणि उसळतेही. बोथट पाते काप फाडते, आणि जोर लावावयास लावून हातही घसरविते.

शिराळकरांस हे फोड करून सांगण्याचे कारण नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आधारे न्यायालयाने पुढे बंधने घातली, त्यापूर्वी येथे नागपंचमीस जिवंत नाग धरून आणीत, हे सर्वश्रुत आहे. नाग धरणारा माणूस केवळ धीट असून चालत नसे. हात कोठे ठेवावयाचा आणि कोठे ठेवावयाचा नाही, हे त्यास ठाऊक असावे लागे. करवतीपाशीही धीटपणा नको, हे ठाऊक असणे हवे.

जाता जाता आणखी एक गोष्ट, घर बांधणाऱ्यांसाठी. भिंतीस पट्टी मारताना भिंतीचा कोपरा काटकोनात आहे असे धरून चालू नये. जुन्या घरात तो अठ्ठ्याऐंशी असेल, ब्याण्णव असेल. प्रत्यक्ष कोन मोजावा आणि त्याचे दोन सारखे भाग करावे. ब्याण्णवाच्या कोपऱ्यास दोन्ही बाजूंनी सेहेचाळीसचा काप लागतो. भिंतीच्या आतल्या कोपऱ्यात तर दोन्ही पट्ट्या तिरक्या कापण्यापेक्षा एक पट्टी सरळ भिंतीपर्यंत न्यावी आणि दुसरीचे टोक पहिलीच्या नक्षीबरहुकूम कोरून तिच्यावर बसवावे; म्हणजे भिंत थोडी वाकडी असली तरी फट दिसत नाही. यास वेळ अधिक लागतो. आपण मालक असाल तर तो वेळ द्यावा. "उद्या पाहुणे यायचे आहेत, आजच उरका" हे वाक्य कारागिरास सांगण्यापूर्वी त्याच्या डाव्या हाताकडे एकदा पाहावे. त्या हाताची जबाबदारी कारागिराची आहे, तशी काही अंशी आपलीही आहे.

रात्र झाली आहे. घरी जाल तेव्हा दिव्याच्या उजेडात आपली तसबीर पाहा. चारी रेघा मिटलेल्या दिसल्या, तर ज्याने ती मढविली त्याचे नाव बहुधा तुम्हांस ठाऊक नसेल. पण त्याने पहिला कोपरा मन लावून कापला होता, एवढे निश्चित समजा, आणि त्याची दहाही बोटे शाबूत राहिली असावीत, अशी प्रार्थना करा.